कल्याणाची तासिका आणि शाळेचा कारभार

शाळकरी मुलांच्या मनःस्वास्थ्याकडे कुणाचं लक्ष नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये देशातला पहिला आनंद विभाग काढला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं आणि सहावीपासून पुढच्या वर्गांना आठवड्याला एक तास द्यायचा, अशी त्याची मांडणी होती. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारचं ‘मनोदर्पण’ सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस सेवा मिळू लागली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आखला. खासगी शाळांच्या माहितीपत्रकांत तर ‘वेलनेस’ हा शब्द आता स्विमिंग पूलच्या फोटोशेजारी छापलेला असतो.

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या दर्पण कॉलनीत भल्या सकाळी व्हॅनमध्ये नि ई-रिक्षात कोंबून बसणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांपर्यंत यातलं काय पोचतं? बहुतेक वेळा एक तासिका. डोळे मिटून दीर्घ श्वास, सकारात्मक विचारांवर एखादं व्याख्यान, १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला पोस्टर स्पर्धा. तासिका संपते, घंटा होते आणि पुढच्या पिरियडला गणिताच्या टेस्टचे गुण नावासकट मोठ्याने वाचले जातात. हे दोन पिरियड एकाच वेळापत्रकात शेजारीशेजारी असल्याचं कुणाला खटकत नाही.

मला खटकतं, आणि या लेखाचं कारण तेच आहे. प्रचलित समजूत अशी की, बिघाड मुलाच्या मनात आहे, म्हणून ते मन कणखर करायचा कार्यक्रम शाळेने राबवावा. ही समजूत वरवरची आहे. अकरा ते चौदा या वयातल्या मुलांचं मनःस्वास्थ्य फार मोठ्या प्रमाणात शाळेच्या रोजच्या कारभारातून घडतं किंवा बिघडतं: गुण कसे सांगितले जातात, तुकड्या कशा पाडल्या जातात, शाळा किती वाजता भरते, मुलाला ओळखणारं एक तरी मोठं माणूस तिथे आहे की नाही, यातून. कारभार तसाच ठेवून वर कार्यक्रम जोडणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून घरातल्या मुलांना छत्री धरायचं प्रशिक्षण देणं. त्यामुळे कोणत्याही शालेय कार्यक्रमाला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, या कार्यक्रमामुळे शाळेने स्वतःचं काय बदललं?

हे म्हणणं टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. सहावीत नेमकं काय बिघडतं

मध्य प्रदेशात पाचवीपर्यंत प्राथमिक आणि सहावी ते आठवी मिडल, अशी सरळ विभागणी आहे. मूल एका उन्हाळ्यात एका जगातून दुसऱ्या जगात जातं. याच सुमारास वयात येणं सुरू होतं. झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते. हा आळस नव्हे, मेंदूच्या घड्याळातला बदल आहे. आईवडिलांपेक्षा बरोबरीच्या मुलांचं मत महत्त्वाचं वाटू लागतं, चारचौघांत झालेला अपमान पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झोंबतो, आणि आपले थोडे तरी निर्णय आपण घ्यावेत असं वाटायला लागतं.

आता शाळा या वयाला काय देते ते पाहा. पाचवीपर्यंत एक बाई होत्या, ज्यांना डबा कुणाचा उरतो आणि कोण गप्प बसलंय हे कळत होतं. सहावीत सहा-सात विषयांचे सहा-सात शिक्षक येतात. प्रत्येक जण चाळीस मिनिटं थांबतो आणि पुढच्या वर्गावर जातो. म्हणजे मोठ्या माणसाच्या आधाराची सर्वांत जास्त गरज असताना तो आधार तुकड्यातुकड्यांत वाटला जातो. समवयस्कांसमोरच्या लाजेची धार वाढलेली असतानाच गुणांची जाहीर यादी सुरू होते. झोप पुढे सरकते तेव्हाच बस लवकर येऊ लागते. स्वातंत्र्य हवंसं वाटतं तेव्हाच बोलण्यावर, बसण्यावर, केसांवर नियम वाढतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स यांनी १९९३ मध्ये हीच विसंगती नेमकेपणाने मांडली होती. मिडल स्कूलमध्ये मुलांचा उत्साह आणि आत्मविश्वास ढासळतो, त्याचं खापर आपण वयावर फोडतो. पण या वयाच्या गरजा एकीकडे आणि शाळेची रचना दुसरीकडे, हा विजोड त्याचं मोठं कारण आहे, असं त्यांचं प्रतिपादन. तीस वर्षांनंतर ग्वाल्हेरलाही ते जसंच्या तसं लागू पडतं, किंबहुना जास्तच. कारण इथे त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे.

पहिली म्हणजे परीक्षा. २०२२-२३ मध्ये मध्य प्रदेशाने पाचवी आणि आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर घेतल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या अखत्यारीतल्या शाळांत पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा दिली. म्हणजे मिडलच्या आत शिरण्याच्या दारावर एक बोर्ड आणि बाहेर पडण्याच्या दारावर दुसरा. दुसरी गोष्ट कोचिंगमधल्या फाउंडेशन वर्गांची. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं म्हटलं. तरी सहावीपासूनची फाउंडेशन बॅच हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आजही शाळेच्या फीइतकाच सहज उच्चारला जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतले १,५८,५८१ सहावी ते आठवीतले होते. चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव ८१ टक्के मुलांनी घेतलं. मिडलमधून पुढे जाताना वैयक्तिक आणि शालेय आयुष्याबद्दलचं समाधान कमी होत गेल्याचंही त्या पाहणीत दिसलं. मुलांनी बोट कुठे दाखवलं आहे ते स्पष्ट आहे. त्यावर आपण दिलेलं उत्तर मात्र असं की, श्वास खोल घ्या.

२. तासिकेची परीक्षा झाली आहे

‘करून तर बघू, नुकसान काय आहे?’ हा युक्तिवाद नेहमी होतो. करून बघितलेलं आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या विलेम काइकेन यांच्या नेतृत्वाखाली ‘मिरियाड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. ८५ शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांवर मुलं. अर्ध्या शाळांत शिक्षकांना नीट प्रशिक्षण देऊन सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले. उरलेल्यांत नेहमीचं सामाजिक-भावनिक शिक्षण चालू ठेवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नैराश्याचा धोका, वागणूक, स्वास्थ्य, कशातच मुलांना जादा फायदा नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. गंमत अशी की शिक्षकांचा थकवा मात्र काहीसा कमी झाला. मोठ्यांनी मुलांसाठी आणलेलं औषध मोठ्यांनाच लागू पडलं.

ऑस्ट्रेलियात एक पाऊल पुढचा अनुभव आला. तिथे हजाराहून अधिक किशोरवयीनांना, उपचारकक्षात उपयोगी ठरलेल्या पद्धतीवर बेतलेला आठ आठवड्यांचा ‘वाइज टीन्स’ कार्यक्रम सरसकट वर्गात दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या मुलांची चिंता आणि नैराश्याची लक्षणं, न दिलेल्या मुलांच्या तुलनेत वाढलेली दिसली. आईवडिलांशी संबंधही बिघडले. यामागचं एक संभाव्य कारण त्याच वर्षी ल्यूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी मांडलं: साध्या, वयानुरूप अस्वस्थतेकडेही मुलं आजाराच्या भाषेतून पाहायला लागली की ती अस्वस्थता घट्ट होते. हे गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. पण ‘नुकसान काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आता देता येत नाही.

मी योगाच्या, प्राणायामाच्या विरोधात नाही. शरीर हलणं चांगलंच. आक्षेप आहे तो त्यांच्यावर टाकलेल्या ओझ्याचा. सकाळी दहा मिनिटांचा प्राणायाम दिवसभराच्या अवहेलनेची भरपाई करू शकत नाही. आणि तो केला म्हणून ‘आम्ही मानसिक स्वास्थ्यासाठी उपक्रम राबवतो’ असा शेरा वार्षिक अहवालात मारून शाळा मोकळी होते, हे तर खरं नुकसान आहे.

३. नालंदाचे मित्र

आता उलट बाजूचा पुरावा, आणि तो परदेशातला नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नववीतल्या मुलांवर झालेला हा प्रयोग आपल्या विषयासाठी जितका मोलाचा आहे, तितकी त्याची चर्चा झाली नाही.

शाळांचे तीन गट केले. एका गटात कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाने राबवायचा, दुसऱ्यात बाहेरून नेमलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित अशा ‘सेहेर मित्रा’ने, तिसऱ्यात फक्त नेहमीचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम. कार्यक्रम दोन्हीकडे एकच होता. प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रिका, मुलांनी आपलं म्हणणं टाकायची पेटी, मुलं-शिक्षक-पालक यांची समिती, मुलांचे गट, आणि हवं त्याला एकट्याने बोलायची सोय. म्हणजे बराचसा भाग शाळेचं वातावरण बदलण्याचाच.

मित्र असलेल्या शाळांत आठ महिन्यांत वातावरणाबद्दलचं मुलांचं मत खूपच सुधारलं. नैराश्य, दादागिरी, हिंसा कमी झाली. शिक्षकाने राबवलेल्या गटात मात्र फरक पडला नाही. तोच कार्यक्रम, तीच पत्रकं, फक्त माणूस वेगळा.

याचा अर्थ शिक्षक वाईट, असा कुणी काढला तर तो आळशीपणा होईल. मला दोन कारणं दिसतात. एक, सरकारी शाळेतल्या शिक्षकाच्या माथ्यावर आधीच मतदारयाद्या, सर्वेक्षणं, पोर्टलवरच्या नोंदी आहेत. ‘दूत’पण हे त्यातलंच आणखी एक रजिस्टर होतं. दुसरं कारण जास्त खोलवरचं. ज्या माणसाच्या हातात गुण आहेत, जो सकाळी वर्गासमोर ‘तुला काही येत नाही’ म्हणतो, त्याच्याकडे दुपारी मन मोकळं करायला मूल कसं जाईल? एनसीईआरटीच्या पाहणीत २८ टक्के मुलांनी सांगितलं होतं की, समजलं नाही तरी प्रश्न विचारायला संकोच वाटतो. जिथे अपूर्णांक समजला नाही हे सांगता येत नाही, तिथे भीती वाटते हे कोण सांगणार? आणि तरीही २०२० चा राष्ट्रीय कार्यक्रम याच गृहीतकावर उभा आहे की, शाळेतले दोन शिक्षक हे काम करतील.

४. शाळेने काय थांबवावं

शालेय कार्यक्रम म्हटला की नवं काय सुरू करायचं याची यादी होते. माझी यादी बरीचशी थांबवण्याची आहे.

सर्वांत आधी थांबावी ती जाहीर क्रमवारी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. छडी बरीच कमी झाली, पण गुणांचं जाहीर वाचन, हुशार-ढ अशा तुकड्या, मागच्या बाकाची सार्वजनिक टिंगल यांना आपण छळ मानतच नाही. विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. वर्तमानपत्रांत गाजलं ते समुपदेशकाचं कलम. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, तुलनेने कमी बोललं गेलेलं: गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करू नका, जाहीर मानहानी करू नका, कुवतीबाहेरची लक्ष्यं लादू नका, असं न्यायालयाने, विशेषतः कोचिंगचा उल्लेख करून, सांगितलं आहे. म्हणजे बिघाड संस्थेच्या वागण्यात असू शकतो हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. हे कलम पाळायला पैसा लागत नाही, जागा लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. कदाचित म्हणूनच ते कुणी मिरवत नाही.

दुसरं, दर वर्षी वर्गशिक्षक बदलणं थांबवावं. सहावीला मिळालेल्या वर्गबाई आठवीपर्यंत त्याच राहाव्यात. विषय वेगवेगळ्या शिक्षकांनी शिकवावेत, पण रोजची पहिली पंधरा मिनिटं आणि पालकांशी बोलणं या एका व्यक्तीकडे असावं, तीन वर्षं. सहावीतली बडबडी मुलगी सातवीच्या दिवाळीनंतर गप्प झाली, हे कोणत्याही प्रश्नावलीच्या आधी त्या बाईंच्या लक्षात येईल. वेळापत्रक लावणारे शिक्षक कुरकुर करतील, करू देत. अडचण वेळापत्रकाची आहे, तत्त्वाची नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नये असा निर्णय घेतला, पण चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. शरीरशास्त्र नेमकं उलटं सांगतं: लहान मुलं लवकर उठतात, उशिरा झोप येते ती वयात येणाऱ्यांना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आत भरवू नये असं सुचवलं होतं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून मिडलसाठी आठ आणि हायस्कूलसाठी साडेआठ ही मर्यादा कायद्याने घातली. ग्वाल्हेरला यात नवं काही नाही. जानेवारीची थंडी वाढली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि शाळांच्या वेळा एका दिवसात बदलतात. व्हॅनवाले, पालक, शिक्षक सगळे जुळवून घेतात. थंडीसाठी जे एका रात्रीत होतं ते झोपेसाठी का होऊ नये?

खेळाच्या पिरियडबद्दल थोडक्यात. १९५७ मध्ये, म्हणजे अठराशे सत्तावन्नच्या शताब्दीला, देशाने लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय काढलं ते याच ग्वाल्हेरात. त्याच शहरात गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, यावर जास्त लिहायची गरज नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी आणि पाणी हाही मनःस्वास्थ्याचाच विषय आहे. ज्या वर्षी पाळी सुरू होते त्या वर्षी शाळेत ही सोय नसेल तर मुलगी दिवसभर कशाच्या चिंतेत असते, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

५. दादागिरी आणि बघे

कारभाराचा आणखी एक भाग असतो, तो मुलांच्या आपसातल्या वागण्याचा. इथेही आपली रीत एकट्या मुलावर उपाय करण्याची: मारणाऱ्याला शिक्षा, मार खाणाऱ्याला ‘तू पण खंबीर हो’. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टीना साल्मिव्हाली यांनी उभा केलेला ‘किवा’ कार्यक्रम तिसऱ्याच लोकांकडे वळला: बघ्यांकडे. दादागिरी चालते ती आजूबाजूचे हसतात किंवा गप्प बसतात म्हणून. वर्गातल्या या मधल्या मुलांना काय करायचं ते शिकवलं, मोठ्यांनी प्रत्येक तक्रारीचा ठरलेल्या रीतीने पाठपुरावा केला, की दादाची प्रतिष्ठा जाते. तिथल्या चाचण्यांत दादागिरी घटली आणि कार्यक्रम देशभर गेला.

आपल्याकडे मूळ अडचण अशी की, बघ्यांत शिक्षकही असतात. सावळ्या मुलीला रंगावरून चिडवणं, जाड मुलाला ठेवलेलं नाव, आडनावावरून जात काढणं, आरक्षणावरून टोमणे: हे स्टाफरूमपर्यंत पोचतं आणि तिथेही कुणी हसतं. सहावीच्या पुढे आडनावाचा अर्थ मुलांना कळू लागतो. जातीचा उल्लेख नसलेला कोणताही भारतीय ‘वेलनेस’ अभ्यासक्रम मला अर्धवट वाटतो, आणि आजवर वाचलेले बहुतेक तसेच आहेत.

६. मग समुपदेशक नकोत का?

हवेत, नक्कीच. माझ्या म्हणण्यावरचा हा पहिला आणि रास्त आक्षेप आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. चाळीसच्या वर्गात साधारण तीन मुलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षाआधी झालेली असते. या मुलांना खरी, कुशल, वेळेवर मदत लागते आणि कारभार कितीही सुधारला तरी लागणारच. उरलेल्या सदतीस जणांना मात्र उपचार नको आहेत, त्यांना नीट वागणारी शाळा हवी आहे. सरसकट कार्यक्रम या दोन गरजांची गल्लत करतो: सदतीस जणांना आजाराची भाषा आणि तिघांना आठवड्याचा एक तास.

समुपदेशकाची खोली कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा आहे आणि दोन तासांवरच्या आग्र्यातही मनोरुग्णालय आहे. दोन्ही नावांचे विनोद पोरं लहानपणापासून ऐकतात. ‘मेंटल’ ही मधल्या सुट्टीतली सर्रास शिवी आहे. अशा शहरात मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारी ‘काउन्सेलिंग रूम’ अशी पाटी लावली की तिथे शिरणारा मुलगा वर्गात परत येईपर्यंत त्याचं नाव पडलेलं असतं. नालंदाचा मित्र यशस्वी झाला तो सगळ्यांचा होता म्हणूनही. तो भित्तिपत्रिका लावत होता, त्यामुळे त्याच्याशी बोलणं ही आजाऱ्याची खूण नव्हती.

न्यायालयाच्या आदेशातली एक फटही सांगायला हवी. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेला समुपदेशक नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी संपर्क ठेवला की पुरे. खेड्यातल्या, वस्तीतल्या कमी पटाच्या मिडल शाळा यातून आपोआप सुटतात. जिथे मदत सर्वांत दूर आहे, तिथेच ती कागदावरची राहणार.

७. उरलेले आक्षेप

‘खरा दोष घराचा आणि मोबाइलचा आहे.’ घरचा वाटा आहेच; भांडणं, दारू, तंगी हे शाळा सोडवू शकत नाही. पण घर बदलणं सरकारच्या हातात नाही, शाळेचं वेळापत्रक आहे. रात्री अकरापर्यंत स्क्रीन पाहणारं मूल सकाळी पाचला उठवलं जातं, यातलं दुसरं अर्ध शाळेने ठरवलेलं असतं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांपुरतं एक जास्तीचं बोलतो. इथल्या मुलाची घरची भाषा मराठी, गल्लीतली हिंदी, वर्गातली इंग्रजी. सहावीच्या आसपास फाटकाशी आलेल्या आईने मराठीत हाक मारली की त्याला चोरट्यासारखं होतं. पीटीएममध्ये शाळा इंग्रजीतून बोलते, आजी-आजोबा घरी थांबतात, आणि ज्या भाषेत मूल लहानपणी रडलं-रुसलं ती भाषा शाळेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. घरावर दोष ठेवण्याआधी शाळेने घराशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलून पाहावीत.

याच मराठी घरांनी आपला एक जुना आधार स्वतःहून सोडला, हेही कबूल करायला हवं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात १९१४ पासूनचं शंकर गांधर्व महाविद्यालय आहे, १९१८ पासूनचं माधव संगीत महाविद्यालय आहे. गाण्याच्या क्लासमध्ये अकरा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा शेजारी बसतात. परीक्षा तिथेही असतात, पण रोजची मोजणी रियाजाची. शाळेतली पायरी तिथे चालत नाही. या वयाला नेमकी अशीच जागा हवी असते, जिथे आपला नंबर कुणाला ठाऊक नाही. आणि सहावीत ट्यूशन लागली की सर्वांत आधी सुटतो तो गाण्याचा क्लास.

‘आमच्या वेळी मार खाऊनही आम्ही घडलो.’ जे घडले ते हे सांगायला आज हजर आहेत. सातवीत शाळा सोडलेले या चर्चेत नसतात, त्यामुळे हा पुरावा एकतर्फी आहे.

‘जग स्पर्धेचं आहे, क्रमवारी लपवून मुलं दुबळी होतील.’ गुण लपवा असं मी म्हणत नाही. मुलाला आणि पालकांना ते जरूर कळावेत, काय चुकलं ते नीट समजावलं जावं. चाळीस जणांसमोर वाचण्याने गणित सुधारतं, याचा पुरावा मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावा. बोर्डाच्या धर्तीवरची आठवीची परीक्षा शाळेच्या हातात नाही. त्या परीक्षेची तयारी धाक घालून करायची की नाही, हे आहे.

‘पैसा कुठून आणणार?’ वर लिहिलेल्यातलं बरंचसं फुकट आहे. पैसा लागतो तो मित्राला. थाटीपूर-मुरारमध्ये समाजकार्य, मानसशास्त्र किंवा साध्या बी.ए.नंतर नोकरी शोधणाऱ्या तरुण मुलींची वानवा नाही. जवळपासच्या तीन शाळा मिळून एक मित्र, नियमित पगारावर, नियमित प्रशिक्षणासह आणि अडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जायच्या ठरलेल्या वाटेसह. मानधनावरचा, दर जूनमध्ये बदलणारा ‘अतिथी’ नको. वर्षभरात मुलं त्याला ओळखायला लागतात आणि तेवढ्यात तो गेलेला असतो.

८. मोजायचं काय

आज कार्यक्रमाचं यश किती तासिका झाल्या, किती मुलं हजर होती आणि किती फोटो अपलोड झाले यावर मोजलं जातं. शाळेचा कारभार हाच विषय असेल, तर मोजमापही कारभाराचंच हवं आणि ते मुलांनी करायला हवं. वर्षातून दोनदा, नाव न लिहिता, त्यांना समजेल त्या भाषेत थोडे प्रश्न: अडचण आली तर जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जाशील, असं मोठं माणूस शाळेत आहे का? गेल्या महिन्यात वर्गासमोर तुझा अपमान झाला का? समजलं नाही तर विचारतोस का? मधल्या सुट्टीत तुझ्याबरोबर कुणी असतं का? उत्तरांची टक्केवारी, आज जिथे गुणवंतांची यादी लागते त्या फळ्यावर लावावी आणि पालकसभेत तिच्यावर बोलावं. दुसऱ्या शाळांशी तुलना नको, नाहीतर त्याचीही क्रमवारी होईल. आपल्याच मागच्या वर्षाशी ताडून पाहावं.

पहिल्या वर्षी हे आकडे वाईट येतील, आणि यायलाच हवेत. पहिल्याच खेपेला सगळं छान निघालं, तर कागद वर्गात कुणी वाटले आणि कुणी गोळा केले, याची चौकशी आधी करावी.